चालणारी आहे, टाकू नये

मित्रांनो, मी एक जुनी फ्लॉपी आहे. काळी, चौकोनी, तळहातावर मावणारी. आजकालचा एक फोटोसुद्धा माझ्यात मावायचा नाही, पण म्हणून हसू नका. धारच्या मराठी वाचनालयाची अब्रू मी एकदा वाचवली आहे!

गोष्ट १९९९ सालची. त्या वाचनालयाचा संगणक फार मंद झाला होता. ग्रंथपाल शरच्चंद्रकाकांनी दोन वर्षं एका बोटाने टाइप केलेली पावणेचार हजार पुस्तकांची यादी त्यात होती, आणि दुसरीकडे कुठेच नव्हती. देवासला कॉलेजात संगणक शिकणारी अवंती म्हणाली, "काका, ठेवा माझ्याकडे. पळवून दाखवते."

संगणकात कर्नल नावाचा एक मुकादम असतो. डिस्क, पडदा, कळफलक, सगळ्यांकडून तो काम करून घेतो. इथला कर्नल फुकट मिळणारा होता आणि स्वतः घडवायचीही मोकळीक होती. तयार कर्नल जगभरच्या यंत्रांसाठी केलेला, म्हणून अंगाने जड. अवंतीने तो माझ्यावर उतरवून ठेवला आणि या एकाच यंत्राच्या मापाचा हलका कर्नल घडवायला बसली. मला केवढा अभिमान वाटला!

घडवण्याआधी शेकडो प्रश्न येतात. हे हवं का? ते हवं का? ओळखीचं दिसलं नाही की 'नको', असा अवंतीने सपाटा लावला. त्या भरात डिस्कवरच्या फायली वाचायची सोयही 'नको'त गेली. वर जागा वाचावी म्हणून तिने संगणकातला जुना कर्नल पुसून टाकला. अति घाई, संकटात नेई! उरले मी एकटी. आणि मला तर तिने शेजारच्या अंजूला देऊन टाकलं होतं. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं ना! माझ्या पोटातली काळी चकती काढून तिच्यातून सूर्य बघायचा अंजूचा बेत होता.

संध्याकाळी धारच्या बसने काका देवासला अवंतीच्या घरी आले. चहा झाला. अवंतीने ऐटीत संगणक चालू केला. चार ओळी पळाल्या आणि तो गप्प. पुन्हा केला, पुन्हा गप्प.

"यादी गेली का गं?" काकांचा आवाज इतका बारीक झाला की नंतर ते ऐकून मलाच रडू आलं.

"डिस्कवर आहे काका, पण या नव्या कर्नलला ती वाचताच येत नाहीये."

अवंतीचे बाबा, रत्नाकर, कारखान्यात फिटर होते. त्यांनी एकच विचारलं, "जुना कुठे आहे?"

"पुसला, बाबा."

"अगं, यंत्राचा नवा पट्टा एक पाळी चालेपर्यंत जुना खुंटीवर ठेवतो आम्ही! सगळीकडचा पुसलास?"

अवंती ताडकन उठली आणि धावत शेजारी गेली. अंजू ओट्यावर बसली होती. एका हातात मी, दुसऱ्या हातात कात्री.

"अंजू, थांब!"

"अरे दीदी, अजून काटली नाही मी! ये लो."

मित्रांनो, मी संगणकात शिरले तेव्हा भीतीने नुसती खरखरत होते. पण एकेक अक्षर नीट वाचून दिलं. पडदा उजळला आणि यादी पहिल्या पुस्तकापासून शेवटच्या पुस्तकापर्यंत समोर आली. काका टाळ्या वाजवत ओरडले, "दे दान, सुटे गिराण!" बाहेरचं ग्रहण मात्र ढगांनी गिळलं होतं.

"बरंच झालं," बाबा अंजूला म्हणाले, "उस चकती से सूरज नहीं देखते बेटा, आँखें जाती हैं."

काकांनी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी अवंतीने प्रत्येक प्रश्न वाचून उत्तर दिलं, आणि तिचा हलका कर्नल असा पळाला की काकांना नावं वाचायला चष्मा पुसायचीही फुरसत मिळेना. जुनाही या वेळी शेजारीच ठेवला होता.

बाबांनी माझ्यावर शाईने लिहिलं, 'चालणारी आहे, टाकू नये.' आता वाचनालयात नवा संगणक आला आहे. त्यात मला शिरायला फटच नाही. तरी काकांच्या खणात मी मजेत आहे. तुम्ही नवं जरूर घडवा, आपल्या मापाचं घडवा. फक्त ते नीट चालेपर्यंत अंजूला कात्री देऊ नका.