फाटकाचा काळा

“अहो, रंगाचा थेंब आहे तो,” पहिल्या भेटीतच तिने डॉक्टरीणबाईंना ठणकावून सांगितलं होतं. रंगकाम करणाऱ्या बाईच्या हातावर दुसरं काय असणार? शाळेचं लोखंडी फाटक रंगवताना वडील शिडीवर होते, ती खाली. तेव्हाच हा काळा थेंब वरून पडला, असं बापलेकीने ठरवून टाकलं होतं. “घास, निघेल,” वडील म्हणायचे. आठ महिने ती रोज संध्याकाळी टर्पेंटाइनचं फडकं घेऊन घासत होती. थेंब निघेना, उलट पसरला. एकदा रक्त आलं, तेव्हा कुठे ती दवाखान्यात गेली. बाईंनी तो काढून तपासायला पाठवला आणि आज रिपोर्ट आला.

“त्वचेचा कॅन्सर आहे,” बाई म्हणाल्या. “पण वेळेत सापडलाय, खोल गेलेला नाही. आजूबाजूची थोडी कातडी अजून काढू. मंगळवारी या.”

शब्द कानावर पडत होते, डोक्यात शिरत नव्हते. ती बाईंच्या मागची भिंत बघत होती. कोपऱ्यात रोलर पोचला नव्हता, ब्रशचे फराटे तसेच दिसत होते. दुसरा हात मारायला काय धाड भरली होती?

“ऐकताय ना? पूर्ण बाह्या, मोठ्या काठाची टोपी, सनस्क्रीन. भर दुपारी बाहेरच्या भिंती नकोत.”

एरवी ती म्हणाली असती, मग घरं काय आतूनच रंगवू? आज तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच. “माझी मुलगी अडीच वर्षांची आहे.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “म्हणून तर मंगळवार चुकवू नका.”

बाहेर अंगणात वडील बाकावर पेंगत होते आणि पोरगी भर उन्हात, उघड्या डोक्याने, खडे गोळा करत बसली होती.

“इकडे ये!”

आपण इतक्या जोरात ओरडलो हे तिला पोरीच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने धावत जाऊन तिला उचललं, झाडाखाली आणलं. पट्टीखालचे टाके ताणले. तिने खाली ठेवलं नाही.

“अगं, खडेच तर वेचत होती,” वडील डोळे चोळत म्हणाले. “काय म्हणाल्या?”

तिने सांगितलं. कॅन्सर, मंगळवार, ऊन टाळायचं. एका दमात, पावती वाचावी तसं.

वडील तिच्या हातावरच्या पट्टीकडे बघत म्हणाले, “नाही गं. माझ्याच ब्रशचा होता तो. फाटकाचा काळा. मला चांगलं आठवतंय.”

“बाबा.”

“मीच सांडला होता,” ते हट्टाने म्हणाले. सांडलेलं पुसता तरी येतं.

पोरीने हुंदका गिळून विचारलं, “आई, ऊन चावतं?”

“चावतं, बाळा. कळत नाही, पण चावतं.”

पानांतून एक कवडसा पोरीच्या गालावर आला होता. वडील उठले आणि त्याच्या आड उभे राहिले. पाठ उन्हात, मान उघडी, चाळीस वर्षं भाजलेली.

“तुम्ही आधी सावलीत या,” ती म्हणाली. “आणि मंगळवारी तुमची पाठही दाखवायची आहे.”