पाव इंचाचे आटे

फिटरनं टोपलीतून एक पितळी निपल उचललं, त्याच्या आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि ते उजवीकडच्या डब्यात टाकलं. दुसरं उचललं, नख फिरवलं, डावीकडच्या डब्यात टाकलं. तिसऱ्यापाशी तो अडला. चष्मा कपाळावर सरकवून त्यानं ते डोळ्याशी धरलं. मग आटे मोजायची पात्यांची फणी काढली आणि एकेक पातं आट्यांत बसवून पाहिलं.

"हेही तिकडच्या नळीला चालायचं नाही."

"बदलावं लागेल का, बाबा?" सुनेनं विचारलं.

"सगळ्यांचीच तोंडं बदलावी लागतील."

सून समोर फरशीवर बसून हवेवर चालणाऱ्या गन जुन्या चादरीच्या तुकड्यांत गुंडाळत होती. स्टेपल मारायच्या चार आणि खिळे मारायची एक. साऱ्या तिच्या नवऱ्यानं, म्हणजे फिटरच्या मुलानं, जुन्या बाजारातून एकेक करून आणलेल्या. एकीचं तोंड दुसरीशी जुळेल तर शपथ. "बारा गावचं पाणी प्यालेत हे पाहुणे," असं तो म्हणायचा, आणि नळीला जोडायच्या निपलांची टोपली बापापुढं आणून ठेवायचा. बाप जन्मभर कारखान्यात पाइप जुळवत आलेला. कुरकुरत का होईना, जुळवून द्यायचा.

मुलानं कावीळ अंगावर काढली. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. त्याच्यामागं सुनेनंच कारखाना चालवला. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. खुर्च्यांची कापडं बदलणं, सोफ्याच्या बैठकी नव्या करणं. फोमच्या दुकानात तिची एका सोफेवाल्याशी ओळख झाली. परगावचा माणूस. बायको वारलेली, मूलबाळ नाही. वर्षभर तो तिला कामं देत राहिला, आणि एक दिवस त्यानं लग्नाचं विचारलं.

तिनं ते लपवलं नाही. सासू-सासऱ्यांना समोर बसवून सांगितलं.

"तुम्ही एकदा बघा त्याला, बाबा. माणसाची पारख तुम्हाला आहे. तुम्ही नको म्हणालात तर विषय संपला. मनात काही ठेवणार नाही मी."

ती बाहेर गेल्यावर फिटरच्या बायकोनं त्याची बाही धरली होती.

"नको म्हणा."

"कारण काय सांगू?"

"कारणांना काय तोटा! खोट कुणात नसते? पोरगा गेला, आता पोरगीही गेली तर या घरात आपण भिंतींशी बोलायचं का?"

फिटरनं हो-नाही काहीच ठरवलं नव्हतं; हत्यारं तेवढी बांधून ठेव, असं सुनेला सांगितलं होतं. मग हत्यारांची तोंडं बदलायला त्यानं सोफेवाल्यालाच बोलावून घेतलं. तुमची हवेची लाइन कशी आहे ते सांगा, तुमचीही निपलं घेऊन या, असा निरोप धाडला.

तो आला. अंगानं उंच आणि आडवा, दारातून जरा वाकूनच आत शिरला. फिटरला काय म्हणून हाक मारावी हे त्याला उमगत नव्हतं, त्यामुळं प्रत्येक वाक्य तो मध्येच सुरू करायचा. खिशातून त्यानं नव्या निपलांची पुडी काढून टेबलावर ठेवली.

"आमच्याकडं सगळी याच आट्यांची आहेत."

"बसा," फिटर म्हणाला. "तुम्ही पाणी घेणार?"

"नको. आधी काम करू."

आतून कुणी पाणी आणलंही नसतं. फिटरची बायको स्वयंपाकघरात दार लोटून बसली होती.

निपलं सगळी पाव इंचाचीच, पण आटे दोन तऱ्हांचे. एका तऱ्हेचे किंचित दाट, दुसऱ्याचे किंचित विरळ. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. चुकीचं निपल हातानं दोन-तीन आटे सहज आत जातं, मग अडतं. तिथं थांबलं तर काही बिघडत नाही. पान्हा लावून रेटलं तर जातंही, पण गनच्या तोंडातले आटे कापले जातात आणि ती कायमची निकामी होते.

फिटरनं लांब नाकाची गन चादरीतून सोडवून पुढं घेतली. मुलाची लाडकी. ती तो दुसऱ्या कुणाला हाताळू देत नसे. डावीकडच्या डब्यातलं एक निपल फिटरनं उचललं. ते तिचं नव्हतं. त्यानं ते सोफेवाल्याच्या हातावर ठेवलं.

"एवढं बसवता का? माझे हात थरथरतात हल्ली."

हात थरथरत नव्हते. सुनेची बोटं चादरीच्या गाठीवर थांबली. निपल कुठल्या डब्यातून निघालं ते तिनं पाहिलं होतं. तिनं मान वर करून सासऱ्याकडं बघितलं आणि पुन्हा गाठ आवळायला घेतली.

सोफेवाल्यानं निपल आधी जरासं उलटं फिरवलं, आट्यात आटा बसल्याचं बोटांना कळेपर्यंत. मग सुलटं. ते आत गेलं, आणखी थोडं गेलं, आणि अडलं.

फिटरनं मोठा पान्हा अंगठ्यानं त्याच्या कोपराकडं सरकवला.

"जोर लावा. जाईल."

सोफेवाल्यानं पान्ह्याकडं पाहिलं. मग निपल हळूच उलटं फिरवत बाहेर काढलं आणि उजेडात धरलं.

"जाईल, पण गन मरेल." तो घुटमळला. "यांच्या मालकांची गन आहे ही. दुसरं निपल बघू या का?"

शर्टाच्या टोकानं त्यानं गनचं तोंड पुसलं आणि ती अलगद खाली ठेवली. ठेवताना टेबलाचा आवाजही होऊ दिला नाही.

फिटर उठला. खिडकीपाशी जाऊन उगाच बाहेर पाहत राहिला. समोरच्या घराच्या गच्चीवर कुणी तरी गाद्या वाळत घालत होतं. एक गादी पुरती पसरून होईपर्यंत तो तसाच उभा होता.

"बाबा?" सून मागून म्हणाली.

तो वळला. तिच्या हातात चादरीचा तुकडा होता, आणि तिनं तो दोन्ही मुठींत असा धरला होता, जणू कुणी तो ओढून घेईल. एवढी घाबरलेली ती त्याला दवाखान्यातही दिसली नव्हती.

"हात चांगला आहे," फिटर म्हणाला. त्यानं पुन्हा सांगितलं, "माणसाचा हात चांगला आहे, पोरी. जा तू."

तिनं चादरीच्या तुकड्यात तोंड लपवलं. सोफेवाला कुणाकडं पाहावं हे न कळून निपलांच्या पुडीकडं पाहत राहिला.

मग त्यांनी काम उरकलं. फिटर निवडून द्यायचा, तो बसवायचा. शेवटी खिळ्यांची गन राहिली. तिच्यातलं जुनं निपल काही केल्या सुटेना. मुलानं बसवलेलं, आणि त्याला घट्ट करायची भारी हौस. फिटरनं तेल सोडलं, थांबला, पान्हा लावला. ढिम्म हललं नाही.

"दोघं लागतील," तो म्हणाला.

सोफेवाल्यानं गन छातीशी आवळून धरली. फिटरनं पान्ह्यावर अंग टाकलं. काही क्षण काहीच झालं नाही, आणि मग पितळ किंचाळलं. आट्यांवरची पांढरी टेप लोंबत बाहेर आली. ती उलट्या बाजूनं गुंडाळलेली होती. अशी गुंडाळू नकोस, सुटते ती, हे फिटरनं पोराला किती वेळा सांगितलं असेल. पोरानं एकदाही ऐकलं नाही, आणि त्या तोंडातून हवाही कधी गळली नाही.

फिटरच्या डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं. पान्हा निसटायला लागला.

"धर रे नीट," तो ओरडला. "लक्ष कुठंय तुझं?"

सून होती तिथंच थिजली.

"धरलंय," सोफेवाला हळूच म्हणाला. "तुम्ही फिरवा."

स्वयंपाकघराचं दार उघडलं होतं. फिटरची बायको ओल्या हातांनी उंबऱ्यात उभी होती. पोरावर ओरडायचा त्याच आवाजात नवरा आता कुणावर ओरडला, हे बघायला ती धावत आली असावी. तिनं गन धरून बसलेल्या त्या माणसाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि परत आत गेली.

दार मात्र तिनं या वेळी लोटलं नाही.