मला न दिसलेला पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि तोही उलटा. माझी भिंगे खाली असतात आणि वर ठेवलेली बाटली मी तळाकडून पाहतो. पेशी तळाला चिकटून वाढतात, म्हणून कारागिरांनी मला असे घडवले. प्रयोगशाळेत सगळे मला 'उलटोबा' म्हणत. मी ते कधी मनावर घेतले नाही, कारण माझ्यावाचून तिथे कुणाचे पान हलत नसे.

पेशींना पोसणारा बाटलीतला लालसर रस पिवळा, गढूळ झाला की मी आत वळवळणारे जिवाणू दाखवी. बुरशीचा पहिला धागा मी पकडला की शेजारच्या बाटल्या वाचत. उलटोबाची नजर चुकत नाही, असे प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणत आणि मी फुगून जाई.

माझ्यावर सर्वांत जास्त वाकली ती तिथे संशोधन करणारी ताई. तिला लहानाची मोठी करणारी मावशी कर्करोगाने गेली. जाण्याआधी मावशीने स्वतःच आपल्या गाठीचा तुकडा देऊ केला होता. मी नाही तर नाही, माझं काहीतरी कामाला येऊ दे, असे ती म्हणाली होती. त्या तुकड्यातून ताईने पेशी वाढवल्या. रोज सकाळी सर विचारत, "मावशी काय म्हणतायत?" ताई माझ्यातून बघून सांगे, "बऱ्या आहेत." दोघे हसत, पण ताईचा दिवस त्या उत्तरानेच सुरू होई.

मग ओळखीच्या दुसऱ्या प्रयोगशाळेतून पेशींची एक बाटली आली. नवी बाटली आधी वेगळी ठेवून तपासायची, असा नियम होता. सर म्हणाले, घरचीच माणसं आहेत, पाहुण्याला कशाला वेगळं बसवायचं? शिवाय रसात जिवाणू मारणारे प्रतिजैविक असतेच. ताईने ती माझ्यावर ठेवून पाहिली. मला काही दिसले नाही. बाटली उबेच्या कपाटात मावशीच्या शेजारी गेली.

पुढे ताई मावशीच्या पेशींवर नवे औषध तपासू लागली. पेशींची वाढ मंदावली. औषध लागू पडले म्हणून ती आनंदाने रडली. पण औषध न घातलेल्या बाटलीतही वाढ मंदावली होती. ते पाहून तिचा चेहरा उतरला. तिने पेशींना चमकता रंग देऊन त्या शेजारच्या खोलीतल्या नव्या यंत्राखाली धरल्या. चमक फक्त पेशींच्या गाभ्यात हवी होती. तिथे सगळीकडे बारीक ठिपके चमकत होते. तो मायकोप्लाझ्मा नावाचा अतिसूक्ष्म जिवाणू होता, त्या पाहुण्या बाटलीतून आलेला. तो माझ्या नजरेला दिसत नाही, रस गढूळ करत नाही आणि नेहमीच्या प्रतिजैविकाला जुमानत नाही. मावशीच्या पेशींच्या गोठवून राखलेल्या कुप्या सगळ्या हा पाहुणा आल्यानंतरच्या होत्या. त्याही बाधित निघाल्या.

सर मान खाली घालून म्हणाले, वेगळं काही औषध देऊन बघू.

"नको," ताई म्हणाली. "वाचल्या तरी त्या पूर्वीच्या राहायच्या नाहीत. आणि तोवर शेजारच्या बाटल्यांचं काय?"

पेशी नष्ट करायला ब्लीच ओतण्यापूर्वी तिने बाटली शेवटची माझ्यावर ठेवली. बराच वेळ ती माझ्यावर वाकून होती. मग तिने हातमोजे चढवले आणि बाटली उचलली. मला फार वाईट वाटले.

आता मी कोपऱ्यात, धूळ खात असतो. मित्रांनो, माझी भिंगे पुसलीत तर बरे वाटेल. पण उलटोबाला काही दिसले नाही, म्हणजे काही नाहीच, असे पुन्हा समजू नका. पाहुणा घरचा असला तरी आधी तपासा. त्या शेवटच्या सकाळीही मला मावशी अगदी बऱ्या दिसत होत्या.