सागवानी डब्यातला दुसरा के

“खेळ झाला की अक्षरं मोजून ठेवाची, बरं का बेटा. झाकण मंग लावाचं.”

मित्रांनो, मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे. बोलले होते नासिर मिस्त्री, आणि समोर उभी होती चिमुरडी खुशी. मी लाकडी इंग्रजी अक्षरांचा एक जुना सागवानी डबा आहे. आमच्या दारव्ह्याच्या नासिरभाईंनी दाराच्या चौकटीतून उरलेल्या फळीपासून मला घडवलं. माझ्या झाकणावर त्यांनी लांब खाच पाडली, म्हणजे अक्षरं ओळीनं उभी राहावीत. ई तीन कापले, के मात्र दोनच. “अक्षर हरवलं, तुटलं तर माह्याकडे याचं,” ते खुशीला म्हणाले होते. “जोवर हा हात आहे, तोवर तुहा डबा अपुरा राहू देत नाही मी.”

मला मागवलं खुशीच्या आजोबांनी, नागोराव गुरुजींनी. खुशीची जीभ पहिल्याच अक्षराला अडते. वर्गातली मुलं तिचं वाक्य तिच्या आधीच पुरं करून टाकत आणि हसत. गुरुजी तिला माझ्याजवळ बसवून कोडी घालत. सांग बरं, कोणत्या इंग्रजी शब्दात सारख्या अक्षरांच्या तीन जोड्या एकामागे एक येतात? खुशी मुकाट्यानं बुककीपर उभा करी. दोन ओ, दोन के, दोन ई. तिचा लाडका शब्द होता क्यू, म्हणजे रांग. त्यातलं पहिलं अक्षर तेवढं बोलतं, मागची चार गप्प उभी असतात.

“त्याहिले कोणी काढून टाकते का?” गुरुजी म्हणत. “ते उभे राह्यले म्हणूनच तर रांग झाली.”

गुरुजी गेले आणि मी माळ्यावर गेलो. माझ्यावर जुनी सुपं आली, धूळ आली. यंदा खुशीनंच मला खाली काढलं. कळंबला शाळांची इंग्रजी शब्दकोड्यांची स्पर्धा होती आणि उत्तर मोठ्यानं सांगायचं होतं. तिच्या मॅडमनी खटपट करून तिच्यापुरती सवलत मिळवली, की तिनं अक्षरं सगळ्यांना दिसतील अशी खाचेत मांडावीत. अट एकच. संच पुरा हवा. अक्षर कमी पडलं तर बाकीच्यांसारखं बोलून सांगायचं, भरल्या सभागृहात.

दसऱ्याला खुशीच्या आईनं, बबितानं, माझी अक्षरं सरस्वतीसमोर पाटावर मांडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, आपट्याची पानं ठेवली. किती बरं वाटलं मला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अक्षरं माझ्यात भरली, निर्माल्य टोपलीत घेतलं आणि नाल्याच्या वाहत्या पाण्यात सोडून आली. मोजायचं मात्र राहून गेलं.

स्पर्धा उद्यावर आली होती. दुपारी खुशी सरावाला बसली. बुककीपर मांडू लागली आणि तिचा हात माझ्या तळाशी फिरतच राहिला. मला उलटं केलं, झटकलं. पाटाखाली पाहिलं, देव्हाऱ्यामागे पाहिलं. एक के नव्हताच. बबितानं निर्माल्याची रिकामी टोपली उलटी करून पाहिली.

“फुलात गेला वं माय,” ती हळूच म्हणाली. “म्याच सोडला पाण्यात.”

मायलेकी नाल्यावर धावल्या. काठाला झेंडू अडकले होते, के नव्हता. पुठ्ठ्याचा कापून पाहिला, तो खाचेत उभाच राहीना, लवून पडे. खुशी बोलू पाहत होती. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. शेवटी तिनं मला उचललं आणि सरळ नासिरभाईंचं घर गाठलं. मागोमाग बबिता.

नासिरभाई खाटेवर बसून होते. लकव्यानंतर त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असे. दुकान आता मुलगा पाहत होता, शहजाद. त्यानं मशीनवर पातळ फळी धरली. ती चिरफाळली. दुसरी धरली, तीही गेली.

“भाभी, हे मशीन दरवाजे कापाचं आहे,” तो म्हणाला. “एवढुसं अक्षर नाही होत याच्यावर. अब्बाचा हात असता तर गोष्ट वेगळी होती.”

“हात एकच गेला न रे?” नासिरभाई म्हणाले. “डबा इथंच राहू दे, बेटा. कळंबची पह्यली जीप कितीले आहे?”

“स... स...” खुशी अडली. बबितानं वाक्य पुरं करायला तोंड उघडलं, पण नासिरभाईंनी डोळ्यांनीच तिला थांबवलं. आम्ही सगळे थांबलो.

“सहाले,” खुशी म्हणाली.

मित्रांनो, आमची काळजी म्हणजे फक्त धूळ पुसणं नव्हे आणि फुलं वाहणंही नव्हे. ठेवताना आम्हाला मोजा. आणि कोणाचा शब्द ओठावर अडला, तर तो येईपर्यंत थांबा.

पहाटे नमाज झाली. नासिरभाईंनी फळी गुडघ्याखाली दाबली आणि बारीक करवत डाव्या हातात धरली. पातं घसरलं, अंगठ्याला लागलं. चिंधी बांधून पुन्हा सुरुवात केली. बाहेर उजाडत होतं आणि मला जीपच्या भोंग्याची धास्ती वाटत होती. शेवटी त्यांनी के माझ्या खाचेत ठेवला. एक पाय जाड, एक बारीक. तो जरासा डगमगला आणि उभा राहिला.

मग त्यांनी एकेक अक्षर मोजून माझ्यात ठेवलं आणि झाकण लावलं. शहजाद झोपला होता, त्याला त्यांनी उठवलं नाही. मला डाव्या काखेत घेतलं, दार हळूच लोटलं आणि पाय ओढत ते जीपस्टँडकडे निघाले.