चाळीस नंबरचा ब्लेझर

“आज नऊ,” रघ्या म्हणाला आणि सुईत दोरा ओवायचं सोंग करू लागला.

“काय नऊ?” शेजारी बसून बटणं लावणाऱ्या सुकीनं, त्याच्या बायकोनं, मान वर न करता विचारलं.

“खोकी. त्या नविनकडे. काल सहाच आलेली.”

“मग तुझ्या पोटात कशाला दुखतं?”

“माझ्या कशाला दुखेल? मी नुसतं बघितलं.”

नुसतं बघायचं म्हणून कोणी रोज खोकी मोजत नाही, हे सुकीलाही ठाऊक होतं. तलासरीच्या बाजारात रघ्याचं ‘आर. के. जेन्ट्स टेलर’ बावीस वर्षं उभं होतं आणि बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, डहाणूहून आलेल्या नविनचं मोबाईलचं दुकान. आधी तो रिचार्ज मारायचा, फोनला काच बसवायचा, तोवर रघ्याचं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं. चहासुद्धा एकत्र व्हायचा. पण फोनमधलं नेट स्वस्त झालं आणि नविन सगळ्या पाड्यांसाठी ऑनलाइन मागवायला लागला. कुरिअरवाला पाड्यावर जायला तयार नसे, कारण ‘ताडाच्या पुढे, विहिरीच्या अलीकडे’ असला पत्ता त्याच्या मशीनला समजत नसे. मग सगळ्यांनीच पत्ता दिला नविनच्या दुकानाचा. बाजाराच्या दिवशी बगलेत कापड मारून रघ्याकडे येणारे बाप्ये आता रिकाम्या हातानं नविनकडे जात आणि खोकं घेऊन बाहेर पडत.

आणि मागवायचे तरी काय? टेम्पो चालवणाऱ्या पांड्यानं दाढीचं तेल मागवलं. पांड्याच्या हनुवटीवर केस किती, तर ते बोटांवर मोजता यावेत. तेलाबरोबर लाकडी कंगवा फुकट आला. महिनाभर त्याच्या टेम्पोला चंदनाचा वास मारत होता. दाढी जिथल्या तिथे राहिली, पण बाटली संपली, कारण त्याची बायको ते रोज आपल्या वेणीला चोपडत होती. पंचायतीतल्या शिपायानं, धाकल्यानं, उंची वाढवणारे बुटातले गादीचे तुकडे मागवले. उंची वाढली दोन इंच, म्हणजे पँट झाली दोन इंच आखूड. आला मग धाकल्या रघ्याकडे, “काका, खालची दुमड सोडा,” म्हणत.

रघ्याचं निम्मं काम आता हेच झालं होतं. नविनकडून आलेलं निस्तरायचं. “आयत्या बिळावर नागोबा,” तो सुकीला म्हणे. “नाव त्याचं आणि उसवत मी बसतो.” एकदा एका पँटला मागे झडप होती, वर बटण होतं, आणि आत खिसाच नव्हता. रघ्यानं ती पँट हातात धरून रस्त्यापलीकडे ओरडून विचारलं होतं, “नविन, हा खिसा कोणाच्या बापानं घालायचा?”

“काका, स्टाईल आहे ती!” नविन तिकडून हसला. चिडला असता तर रघ्याला बरं वाटलं असतं. पण नविन कधी चिडतच नसे.

एवढ्या उसवाउसवीत रघ्याला एक गोष्ट मात्र पक्की कळली होती. पांड्यानं एकदा रघ्याच्या वहीतलं माप देऊन शर्ट मागवला आणि आलं ते पोतं. तेव्हा रघ्यानं चार माणसांत त्याला झाडलं होतं. “अरे येड्या, माझ्या वहीत शिवलेल्या कपड्याचं माप असतं. लूज धरून, म्हणजे अंगाहून सैल. छाती छत्तीस असली तर मी चाळीस लिहितो. कंपनी विचारते अंगाचं माप. ती तिचं लूज वेगळं घालते. दोनदा लूज घातल्यावर तंबूच होणार!” हे सांगताना त्याला फार गोड वाटलं होतं. नविनला फोनमधलं सगळं कळतं, पण हे कळत नाही, ही गोष्ट त्यानं गुळाच्या खड्यासारखी दोन दिवस तोंडात घोळवली. नविन त्या दिवशी डहाणूला गेला होता, त्यामुळे त्याला ते कळायचं राहूनच गेलं.

एप्रिल उजाडला. रघ्याच्या बहिणीचा, पुष्पाचा, मुलगा मुकेश याचं लग्न ठरलं होतं. मुकेश घोलवडला चिकूच्या पॅकिंगवर सुपरवायझर होता. मुलगी चिंचणीची, रविना. रघ्याच्या घरात रीत अशी की नवरदेवाला मामानं नटवायचं. हा मामा तर टेलर. मुकेशच्या पहिल्या शाळेच्या चड्डीपासून कॉलेजच्या पँटीपर्यंत सगळं याच मशीनवर झालेलं. दिवाळीतच रघ्यानं वापीहून निळं सुटाचं कापड आणून वरच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. मुकेशनं यावं, दोन्ही हात पसरून उभं राहावं आणि म्हणावं, ‘मामा, माप घे,’ एवढीच त्याची इच्छा होती.

मुकेश आला. सोबत नविन होता.

“मामा,” मुकेश वहीकडे बघत म्हणाला, “माझं माप असेल ना तुझ्याकडे? कोटाचं?”

“आहे. का?”

मुकेशनं नविनकडे बघितलं. नविननं फोन पुढे केला. फोनमध्ये एक गोरा, चपट्या पोटाचा बाप्या निळा कोट घालून खिशात हात घालून उभा होता. “काका, ब्लेझर आहे. स्लिम फिट. सध्या हाच ट्रेंड आहे लग्नात. रविनानं पसंत केलाय. फक्त साईज टाकायची बाकी आहे.”

“मी शिवला असता की,” रघ्या म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

“तुझा त्रास कशाला, मामा,” मुकेश घाईनं म्हणाला. “लग्नाची बाकीची कामं हायेत. आणि तिनं फोटो सगळ्या मैत्रिणींना पाठवला पण.”

सुकीनं फळीकडे बघितलं. रघ्यानं तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प बसली. त्यानं वही काढली, चष्मा लावला, बोट फिरवत मुकेशच्या नावावर आला. समोर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं : छाती ४०. मुकेशची छाती छत्तीस होती. हे त्याला वही न बघताही माहीत होतं. त्या छातीवर त्यानं इतकी वर्षं टेप धरला होता.

“छाती किती, काका?” नविननं अंगठा तयार ठेवून विचारलं.

आता सांगायला पाहिजे होतं. एकच वाक्य होतं, चार माणसांत सांगून झालेलं. पण फोनातला तो बाप्या खिशात हात घालून उभा होता, नविन हसत होता, आणि मुकेश मामाकडे नाही, फोनकडे बघत होता. रघ्यानं वही मिटली.

“चाळीस,” तो म्हणाला.

“बघ, मुकेश! काकांकडे सगळं रेडी असतं,” नविन म्हणाला आणि बटण दाबलं.

ते गेल्यावर सुकीनं पुन्हा बटण हातात घेतलं. मग म्हणाली, “त्याची छाती छत्तीस हाय.”

“वहीत चाळीस आहे. मी खोटं नाही बोललो.”

“नाय. खोटं नाय बोललास,” सुकी म्हणाली आणि बटणाचा दोरा दातानं तोडला.

पुढचे दिवस रघ्याचे फार मजेत जायला हवे होते, पण गेले नाहीत. पार्सल आलंच नाही तर बरं, असं त्याला वाटे. मग वाटे, येऊ दे, सगळ्यांना कळू दे कोट म्हणजे काय चीज असते. स्वतःच्याच भाच्याचं हसं व्हावं म्हणून आपण वाट बघतोय, हे ध्यानात आलं की तो उगाच मशीनला तेल घालत बसे. त्या महिन्यात मशीन इतकं गुळगुळीत चाललं की सुकी म्हणाली, “पांड्याचं तेल उरलं असेल तर ते पण घाल.”

लग्न शुक्रवारी. पार्सल सोमवारी आलं. नविनच्या दुकानात गर्दी झाली. मुकेशनं ब्लेझर चढवला आणि रघ्यानं रस्त्यापलीकडून बघितलं. खांदे दंडावर उतरलेले, बाह्यांतून फक्त बोटं बाहेर आलेली. कुणीतरी ओरडलं, “अरे, बापाचा घातलास का?” धाकल्या हसता हसता बुटातल्या गाद्यांवरून घसरला. याच हशाची रघ्यानं महिनाभर वाट बघितली होती, आणि आता तो खाली बघून नसलेला दोरा शोधत होता.

“रिटर्न होईल, पण बदली यायला दहा दिवस लागतील,” नविनचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला होता. “साईज तर बरोबर टाकली होती मी.”

मुकेश ब्लेझर तसाच अंगावर घेऊन रस्ता ओलांडून आला. “मामा, बघ ना! कंपनी चोर हाय. तुझं माप कधी चुकतं का? चाळीस म्हणून काहीतरी दुसरंच पाठवलं.”

तुझं माप कधी चुकतं का. रघ्याला वाटलं, याच्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. त्यानं स्टूल ओढलं, फळीवरची गुंडाळी खाली काढली आणि वर्तमानपत्र सोडलं. “हे कापड बघ. तीन दिवस आहेत. बाकीची कामं बाजूला ठेवतो. नवा शिवतो तुला, अंगावर.”

मुकेशनं कापडावरून हात फिरवला. चांगलं कापड त्याला कळत होतं. मामाच्या दुकानातच वाढला होता तो. “भारी हाय, मामा,” तो म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, “पण हाच बारीक कर ना. तिनं फोटो पाठवलाय सगळ्यांना. दुसरा घातला तर विचारतील.”

रघ्यानं गुंडाळी पुन्हा बांधली. पहिल्यांदा नीट बांधली गेली नाही, म्हणून सोडून दुसऱ्यांदा बांधली.

मग तो कामाला लागला. कोट दोन नंबरनं उतरवणं म्हणजे बाजूची शिवण आत घेणं नव्हे. बाह्या काढाव्या लागतात, खांदे खोलावे लागतात, अस्तर सोडून पाठीची मधली शिवण नव्यानं घालावी लागते. रघ्यानं अस्तर उसवलं आणि आत बघून थबकला. आतलं काम सुरेख होतं. टाका सरळ, कॉलरचं वळण एकसारखं, जिथे कोणी बघणार नाही तिथेही दोरा कापून साफ केलेला. कुठल्यातरी कारखान्यात कुठल्यातरी माणसानं मनापासून केलेलं काम. नविनचा इतके दिवस हेवा केला, तो कसा पोरखेळ होता, हे रघ्याला तेव्हा कळलं. हा हेवा खरा होता. त्याला तो माणूस भेटावासा वाटला, त्याच्याशी भांडावंसं वाटलं, आणि कॉलर अशी वळते कशी हे विचारावंसंही वाटलं. आपल्या वाकड्या मनापायी या माणसाचं काम फाडावं लागतंय, याची मात्र लाज वाटली.

तीन दिवस त्यानं दुसरं काही हातात घेतलं नाही. माप वहीतून घेतलं नाही. मुकेशला समोर उभं करून पुन्हा घेतलं, टेप अंगाला लावून. मुकेशनं दोन्ही हात पसरले. “मामा, गुदगुल्या होतात,” तो म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसंच. रघ्या हसला नाही. त्याला खांदा दिसत नव्हता, कारण चष्मा ओला झाला होता.

शुक्रवारी पाड्यावर मांडव भरला. एका बाजूला लग्न लावणारी धवलेरी लग्नाची गाणी म्हणत होती, दुसऱ्या बाजूला डीजेवाला तिच्या थांबण्याची वाट बघत होता. मुकेश ब्लेझर घालून आला आणि बायकांनी तोंडाला पदर लावले. असा बसला होता ब्लेझर, की जणू अंगावरच विणला. चिंचणीची मंडळी कौतुकानं बघत राहिली.

“ऑनलाइनचा हाय!” पांड्या सगळ्यांना सांगत होता. “नविननं मागवला. सेम टू सेम फोटोसारखा!” पाच-सहा पोरांनी तिथेच नविनला घेरलं. नविन मात्र गर्दीतून वाट काढत रघ्याकडे आला. “काका, मी सांगतोय त्यांना की काकांनी बसवला, पण ऐकत नाहीत.”

“राहू दे,” रघ्या म्हणाला. “पोरांना सांग, माप आधी माझ्याकडून घ्या. अंगाचं माप घ्यायचं असतं, वहीतलं नाही.”

नविननं त्याच्याकडे बघितलं. क्षणभर त्याच्या कपाळावर आठी पडली, मग गेली. “बरं, काका,” तो म्हणाला आणि पोरांकडे वळला.

बहीण पुष्पा पाण्याचा तांब्या घेऊन रघ्याजवळ टेकली.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “त्याची छाती छत्तीस हाय. मना माहीत नाय का? मी त्याची आय हाय.”

तांब्या त्यानं घेतला, पण प्यायला नाही.

“वहिनीनं सांगितलं, फळीवर कापड होतं ते,” पुष्पा म्हणाली. “तुझ्या जागी मी असते तर मी पण असंच केलं असतं. पण पोराला नको सांगू. तो अजून कंपनीला शिव्या देतो, देऊ दे.” ती उठली आणि पंगतीकडे गेली.

मुकेश पाया पडायला आला. रविना बाजूला, हळदीनं पिवळी. मुकेश वाकला, उठला, आणि पाठीवर एक सुरकुतीही आली नाही. डीजे सुरू झाला होता. रघ्यानं दोन्ही हात भाच्याच्या खांद्यांवर ठेवले आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं.

“मुकेश, माप मीच...”

“काय मामा? ऐकू नाय येत!”

रघ्यानं त्याच्या छातीकडे बघितलं. वरचं बटण लावलेलं होतं.

“श्वास घेता येतो ना नीट?” त्यानं ओरडून विचारलं.

“येतो, मामा,” मुकेश म्हणाला आणि दाखवायला म्हणून छाती भरून घेतली.