सक्तीचा तास

“सक्तीचा म्हनजे? रोजचा?” हातातला चहाचा ट्रे टेबलावर ठेवायचंच विसरून मनकर्णाने विचारलं.

“रोजचा. आन् मार्कंही भेटतीन,” हेडमास्तर गुलाबराव चष्मा कपाळावर चढवत म्हणाले. “खेळाचा तास आता कोनालेच मांगता येनार नाही. गनिताच्या मॅडमलेही नाही. तुमच्याच अर्जानं झालं बाई. चहा ठेवा आता, थंडा होऊन राहिला.”

मरोद्याच्या या शाळेत मनकर्णा आया म्हणून लागली त्याला चौदा वर्षं झाली. घंटा, झाडू, पाणी आणि लहानग्यांची वाहती नाकं, एवढंच काम. पण माहेरी, भंडाऱ्याला, ती शाळेकडून खो-खो खेळलेली. इथे खेळाचा मास्तर कधी टिकला नाही, आणि टिकला तर त्याला ऑफिसात फायली लावायला बसवत. रिकाम्या तासाला मुली गोंधळ घालायच्या. एके दिवशी तिने पदर खोचला आणि त्यांना मैदानात ओळीने बसवलं. तेव्हापासून आठवड्यातले दोन तास तिथे तिचं राज्य. तेही गणिताच्या मॅडमनी तास मागितला नाही तर! आणि मागण्यात मॅडमचा हात धरणारं कोणी नव्हतं.

म्हणून तर गेल्या उन्हाळ्यात तिने अर्ज लिहवून घेतला आणि दारोदार फिरवला. “पोरगी वाकत नाही म्हनून डाक्टरकडे नेता, मंग मैदानात कावून नाही धाडत?” असं विचारत विचारत एकशे बारा पालकांच्या सह्या घेतल्या. संस्थेने अर्ज मानला. त्या दिवशी मनकर्णाला आभाळ ठेंगणं झालं. झाडू मारतानाही ती मनातल्या मनात सहावीचे दोन संघ पाडत होती.

आठ दिवसांनी गुलाबरावांनी तिला पुन्हा बोलावलं आणि “बसा” म्हणाले. चौदा वर्षांत त्यांनी तिला कधी बसा म्हटलं नव्हतं.

“बाई, मार्कं आले म्हनजे सही आली. सही करनाऱ्याकडे खेळाची डिग्री पाह्यजे. तुमी तर नववी...”

“दहावी, सर. इंग्रजीत उडाली.”

“तेच. संस्थेनं मानूस नेमला. अमरदीप मेश्राम, सोमवारपासून येते. तुमची नोकरी कुठी जात नाही. फक्त त्या तासाले वरच्या मजल्यावर थांबा. दोघं दोघं दिसले त पोरी कोनाचं ऐकतीन?”

माझं ऐकतील, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ती “हो सर” म्हणाली आणि उठली. आपल्याच हाताने आपलं मैदान देऊन बसलो, हे जिना चढताना तिला कळलं, आणि मग मात्र तिला रडू आवरेना. वरच्या नळावर तिने दोनदा तोंड धुतलं.

बातमी मरोद्यात पसरायला वेळ लागला नाही. रविवारी सकाळी सहावीतल्या रीनाची आजी भागाबाई तरातरा घरी आली.

“आमी सह्या वापस घेतो,” ती उंबऱ्यातूनच म्हणाली. “तुले काढून सक्ती कायची? उद्याच जातो सगळ्याजनी. नाही पाह्यजे म्हनतो त्याइचा तास.”

मनकर्णा तांदूळ निवडत होती. भागाबाई जे बोलली ते खरंच होऊ शकलं असतं. बायका गेल्या असत्या, संस्था घाबरली असती, आणि सगळं होतं तसं झालं असतं. आठवड्याचे दोन तास आणि त्यातला एक गणिताचा. तिचा जीव त्या दोन तासांत अडकला होता, हे खोटं कशाला सांगायचं!

“बस, बुढे,” ती शेवटी म्हणाली. “सह्या राहू दे. रोज खेळतीन पोरी.”

“आन् तू?”

“मी काय खेळाच्या वयाची हाव का आता?”

सोमवारी अमरदीप आला. पोरगेलासा, नवे बूट, गळ्यात शिट्टी. पाण्याच्या टाकीपाशी तिला गाठून ओशाळल्यासारखा म्हणाला, “मावशी, मेरा तो ॲथलेटिक्स है. खो-खोचं तुमीच सांगा न मले.”

तिने सांगितलं. कोणाचा गुडघा दुखतो, कोण रागावलं की रडते, कोणाला पाटीवर कुठे बसवायचं. काही राखून ठेवलं नाही. तो वहीत लिहून घेत होता.

बुधवारी तिसऱ्या तासाला ती वर दहावीच्या वर्गाबाहेर फरशी पुसत होती. खालून मुलींचा गलका येत होता.

“बाई, खिडकियाँ बंद कर दो,” गणिताच्या मॅडम आतून म्हणाल्या. “बच्चों का ध्यान जा रहा है.”

तिने व्हरांड्यातली मैदानाकडची एकेक खिडकी लावली. शेवटच्या खिडकीतून रीना दिसली. ती पाठलागावर होती, आणि खांबाजवळ येऊन तिचा वेग पडला.

“रीना, खांब धर!” मनकर्णा ओरडली.

रीनाने आवाज ओळखला, तिचे खांदे किंचित उचलले गेले. पण पाठलागावर एकदा दिशा धरली की मागे वळायचं नाही. ती वळली नाही, वर पाहिलंही नाही. खांबाला हात घालून तिने वळसा घेतला आणि पळणारीच्या पाठीवर थाप मारली. अमरदीपने शिट्टी वाजवली. मुलींनी रीनाला गराडा घातला.

“बराबर,” मनकर्णा पुटपुटली, आणि खिडकी ओढून घेऊन तिने कडी लावली.