अंकुशच्या हातचा खर्रा

हवालदार रुपरावला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा पोलीस ठाण्यातल्या सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, हे दुखणं त्या धुराचं. पकडलेला गुटखा ठाण्यामागच्या मैदानात जाळायचा आणि सगळं राख होईपर्यंत बांबूनं ढोसत उभं राहायचं, हे काम वर्षानुवर्षं त्याच्या गळ्यात होतं. आजार नोकरीपायी झाला असं ठरलं तर भरपाई मिळणार होती, नाहीतर ज्याचं दुखणं त्यानंच निस्तरायचं. त्याच्या बायकोचा, वच्छलाचा, सगळा जीव त्या निकालात अडकला होता.

केमोनंतर रुपरावला जिना उतरवत नव्हता, म्हणून चौकशी अधिकारी दामिनी मॅडम नंदनवन वस्तीतल्या त्याच्या घरीच आल्या. साक्षीला होता अंकुश, त्याचा ड्युटीवरचा जोडीदार. माणूस मनानं निर्मळ, पण जिभेला लगाम नाही. आणि खिशात तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही असा अंकुश अख्ख्या नागपुरात कोणी पाहिलेला नव्हता.

रुपरावांना तंबाखूची सवय होती का, असं मॅडमनी विचारलं. आता इथं माणसानं नाही म्हणून गप्प बसावं की नाही? पण अंकुशला दोस्तीचं भरतं आलं.

"भाऊनं माझ्या हातचा खर्रा कधी नाकारला नाही, मॅडम," तो अभिमानानं म्हणाला. "रोज देत होतो, रोज घेत होते."

मॅडम लिहू लागल्या. युनिफॉर्म धुवायला घेताना खिशातली ती प्लास्टिकच्या पन्नीतली खर्र्याची पुडी रोज वच्छलाच काढायची, न उघडलेली, आणि कचऱ्यात टाकायची. तिनं तसं सांगितलंही. पण बायको नवऱ्याच्या बाजूनं बोलणारच, हे मॅडमच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

रुपराव मान खाली घालून बसला होता. समोरचा प्रेमानं खर्रा घोटून देतोय आणि आपण नको म्हणायचं, हे त्याला जन्मात जमलं नव्हतं. अंकुशचं मन मोडेल म्हणून हा बाबा आताही गप्पच बसेल, या विचारानं वच्छलाला भीती वाटली आणि त्याचा रागही आला.

"बोला ना," ती म्हणाली.

रुपरावनं दम गोळा केला. "मी कधीच खाल्ला नाही गा, अंकुश. तुले वाईट वाटन म्हणून खिशात ठेवत होतो."

अंकुशचा चेहरा उतरला. खिशाकडे गेलेला हात तसाच राहिला. हा आता रुसून उठून जाणार, असं वच्छलाला वाटलं.

"मॅडम, माझं आधीचं खोडा," तो शेवटी म्हणाला. "आन् हे लिवा. माल जाळाची ड्युटी आमची दोघांची राहे. धूर उठला का मी खर्रा घोटाले दूर झाडाखाली जाऊन बसो. भाऊ एकटेच धुरात उभे राहत. मी पुडी घेऊन येवो, तवा सारं जळून गेलं राहे."

मॅडमनी आधीच्या ओळी खोडल्या आणि त्याचं म्हणणं शब्दाशब्दानं उतरवून घेतलं. अंकुशनं सही केली आणि रुपरावच्या खाटेजवळ खालीच बसला.

"एक हाक तरी माराची होती, भाऊ," तो म्हणाला.

"कशी मारू गा," रुपराव म्हणाला. "तू माझ्यासाठीच तर घोटून राहिला होता."